गाडीच्या रंगावरचे स्वर्ल काढायचेत? मशीनपेक्षा पॅड आणि पॉलिशकडे जास्त लक्ष द्या

गाडी धुतली, पुसली, लांबून एकदम चकचकीत दिसते, आणि रात्री कुठेतरी दिव्याखाली उभी केली की बोनेटवर दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या बारीक गोल गोल रेघा दिसतात. हेच स्वर्ल. खरंतर त्या रेघा गोल नसतात, सगळीकडे आडव्यातिडव्या असतात, फक्त ज्या रेघांवरून उजेड नेमका आपल्या डोळ्याकडे उडतो तेवढ्याच दिसतात म्हणून दिव्याभोवती गोल वाटतं. काळ्या आणि गडद रंगावर जास्त दिसतात, पांढऱ्यावर असतात पण लपतात.

या रेघा पडतात बहुतेक वेळा आपल्याच हाताने. धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं, एकाच बादलीत तोच घाण स्पंज परत परत बुडवला, की झालं. आणि या असतात सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये. हा थर साधारण 35 ते 50 मायक्रॉन, आपल्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणं म्हणजे रेघ भरणं नाही, रेघेच्या आजूबाजूचा क्लिअर कोट तिच्या तळापर्यंत घासून सपाट करणं. गेलेला थर परत येत नाही, म्हणून माझं सगळं म्हणणं एवढंच की ज्याने काम होईल तेवढंच सौम्य सामान वापरा, त्याच्यापुढे जाऊ नका.

मशीन कुठलं घ्यावं

रोटरी म्हणजे एकाच अक्षावर गरगर फिरणारं मशीन, कापतं जोरात पण गरमही तेवढंच करतं, एका जागी थोडं जास्त थांबलं तर रंग जळतो आणि हात बसलेला नसेल तर पॉलिशचेच नवीन गोल ठसे पडतात ते वेगळेच. पहिल्यांदा करणाऱ्याने रोटरीच्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे डीए, यात पॅड फिरतोही आणि छोट्या छोट्या वर्तुळात हलतोही, जास्त दाबलं तर फिरणंच थांबतं, त्यामुळे रंग जळायची भीती बरीच कमी. नवख्या माणसाने डोळे झाकून हेच घ्यावं. तिसरा प्रकार गिअरवर चालणाऱ्या डीएचा, तो दाबलं तरी फिरायचा थांबत नाही, कापतो चांगला पण हाताला थरथर जास्त जाणवते.

डीए घेताना थ्रो बघा, म्हणजे पॅड केवढ्या वर्तुळात हलतो ते माप. 8 मिमी, 15 मिमी, 21 मिमी असे आकडे लिहिलेले असतात. 21 वाला सपाट मोठ्या बोनेटवर आणि टपावर भराभर काम उरकतो पण दरवाज्याच्या वळणावर, आरशाच्या खाली त्याचा पॅड फिरायचा थांबतो. एकच मशीन घ्यायचं असेल तर थ्रो 15 किंवा 8 मिमी आणि सोबत 5 इंची बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड चिकटवायची चकती, सगळीकडे चालतं. नंतर जमलं तर 3 इंची प्लेटचं छोटं मशीन, काचांच्या मधले खांब आणि बंपरचे कोपरे त्याशिवाय नीट होत नाहीत.

पॅड, इथे खरी गंमत आहे

तेच मशीन, तीच पॉलिश, फक्त पॅड बदलला तर निकाल पूर्ण बदलतो. लोकरीचा पॅड सगळ्यात जास्त कापतो, मायक्रोफायबरचा पण जोरात कापतो, दोन्ही थोडा धूसरपणा मागे ठेवू शकतात. फोममध्ये कडक कटिंग, मधला पॉलिशिंग आणि मऊ फिनिशिंग असे तीन समजा. आणि हो, रंगावरून पॅड ओळखू नका, एका कंपनीचा नारिंगी म्हणजे कटिंग तर दुसऱ्या कंपनीचा नारिंगी वेगळाच, असा कुठलाही ठरलेला नियम नाही, त्या त्या कंपनीचा तक्ता वाचा.

पॅड किती घ्यायचे? एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही. पॅड पॉलिशने भिजतो, गरम होतो, मऊ पडतो आणि कापायचा बंद होतो, मग लोक म्हणतात पॉलिश खराब आहे. मधल्या जातीचे निदान 4 ते 6 आणि फिनिशिंगचे 2-3 असू द्या.

पॉलिश

कंपाउंड जोरात कापतं, पॉलिश त्याच्या खाली, फिनिशिंग पॉलिश फक्त धूसरपणा काढून चमक आणते. काहींचे कण घासताना फुटत बारीक होत जातात, काहींचे शेवटपर्यंत तसेच राहतात, म्हणून किती वेळ फिरवायचं ते बाटलीवर बघा. आणि ग्लेझ नावाच्या गोष्टीपासून जरा सावध, ती रेघा काढत नाही, नुसती भरते, दोन-चार धुण्यात सगळं परत दिसायला लागतं.

आता काम कसं करायचं

आधी गाडी चांगली धुवा, लोखंडाचे कण काढणारं लिक्विड मारा, मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, फिरवा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून रंगावरून फिरवून बघा, खरखर लागली तर क्ले अजून बाकी आहे. ही घाण राहिली आणि पॅडखाली आली तर आपणच नवीन रेघा पाडतो. मग काळी प्लास्टिकची पट्टी, रबर, दिव्यांच्या कडा, पत्र्याच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप. कडांवर क्लिअर कोट पातळ असतो, तिथूनच आधी उडतो. गाडी सावलीत आणि पत्रा थंड पाहिजे.

मग टेस्ट स्पॉट, ही पायरी कृपा करून सोडू नका. बोनेटवर साधारण दीड-दोन फूट चौकोन टेपने आखा. पहिला प्रयोग मधला फोम पॅड आणि मधली पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे 3-4 थेंब, मशीन बंद ठेवूनच पॅड रंगावर टेकवून पसरवा, मग सुरू करा नाहीतर सगळीकडे शिंतोडे. स्पीड 6 पैकी 4-5, हात अगदी हळू, सेकंदाला एक-दीड इंच, आधी आडवे पट्टे मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढलेला, असं 4 ते 6 वेळा. घाईत हात पळवला की नुसती पॉलिश पसरते, कापत काहीच नाही.

एक छोटी गोष्ट जी मला फार उपयोगी पडली, बॅकिंग प्लेटच्या बाजूवर मार्करने एक जाड काळी रेघ मारा. मशीन चालू असताना ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. ती एका जागी नुसती थरथरताना दिसली म्हणजे पॅड फिरत नाहीये, दाब कमी करा किंवा मशीन पत्र्याला सपाट धरा. मी बोनेटच्या वळणावर कितीतरी वेळ असाच न फिरणारा पॅड घासत बसलो होतो आणि रेघा का जात नाहीत ते कळत नव्हतं, ही खूण केल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला.

चौकोन झाला की मऊ मायक्रोफायबरने पुसा, मग पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा पॅनल वाइप (तेल काढणारं लिक्विड) मारून परत पुसा, कारण पॉलिशमधलं तेल रेघा झाकतं आणि आपल्याला उगाच खूश करतं. आता टॉर्च तिरका धरून बघा. रेघा गेल्या? मग सगळी गाडी याच जोडीने. नाही गेल्या तर आधी पॅड एक पायरी कडक करा, पॉलिश तीच ठेवा, तरी नाही तर कंपाउंड. रेघा गेल्या पण ढगाळ दिसतंय तर मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशचा एक हात. काही गाड्यांचा क्लिअर कोट इतका मऊ असतो की सौम्य जोडीनेच होतं, काहींचा दगडासारखा, म्हणून दुसऱ्याने सांगितलेली जोडी आपल्या गाडीवर चालेलच असं नाही.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. पॅड जमिनीवर पडला तर तो बाजूला, धुतल्याशिवाय परत रंगाला लावायचा नाही. प्लास्टिकच्या बंपरवर जपून, तिथे उष्णता पसरत नाही आणि रंग लवकर तापतो, हात लावून बघत राहा. पॅडवर गाडीचाच रंग यायला लागला तर लगेच थांबा, जुन्या सिंगल स्टेज (वर वेगळा क्लिअर कोट नसलेल्या) रंगावर हे होतंच पण क्लिअर कोटच्या गाडीवर झालं तर क्लिअर कोट संपलाय. आणि मॅट रंगाच्या गाडीला मशीन लावूच नका, तो कायमचा चकाकायला लागेल.

ज्या रेघेत नख अडकतं ती सोडून द्या. तिच्या तळापर्यंत जायचं म्हणजे क्लिअर कोट संपवायचा. तिच्या धारा थोड्या गोल झाल्या तरी उजेडात बरीच कमी दिसते, तेवढ्यावर समाधान मानलेलं बरं.

सगळं झालं की वॅक्स, सीलंट किंवा कोटिंग, काहीतरी लावाच, आता रंग उघडा आहे. आणि पुढच्या धुण्याला दोन बादल्या, एक शाम्पूची एक साध्या पाण्याची, आणि पुसायला टॉवेल घासायचा नाही, पसरून अलगद ओढून घ्यायचा.