पिकअप बदलताय? पॉटच्या या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटारला नवा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) बसवला आणि ती घोंगडीखालून वाजल्यासारखी वाटतेय? बहुतेक वेळा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारं चुंबक आणि कॉइल, निर्दोष असतो. घोळ असतो शेजारच्या पॉटचा, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या बदलत्या रोधाचा, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं.

जुनेच पॉट ठेवणे

ठोकताळा साधा आहे: सिंगल कॉइलला (एकाच कॉइलच्या पिकअपला) २५० के, हंबकरला ५०० के; के म्हणजे हजार ओहम. पॉट दहावर, म्हणजे पूर्ण उघडा, असला तरी पिकअपला समांतर बसलेला रोध असतोच. हा रोध जितका लहान, तितकी आवाजाची वरची धार दबते. त्यात टोनचा पॉटही भर घालतो, हे हमखास विसरलं जातं.

फिरोदिया करंडकाच्या, म्हणजे पुण्यातल्या महाविद्यालयीन स्पर्धेच्या, तालमी सुरू झाल्या की दिसणारा हा एक नमुना. टेलिकास्टर पद्धतीची, मुळात दोन सिंगल कॉइलची गिटार, नेकला (मानेकडच्या जागी) हंबकर टाकला, पॉट मूळचेच. आवाज बसका. मग म्हणे पिकअपच हलका, म्हणून जास्त वेटोळ्यांचा ‘हॉट’ पिकअप मागवला. तो आणखी बसका, कारण वेटोळी वाढली की वरचा आवाज आणखी कमी होतो. मग ॲम्पला शिव्या. शेवटी मीटर लावला तेव्हा व्हॉल्यूम निघाला २०८ के, टोन २१५ के; दोन्ही समांतर धरले तर भार जेमतेम १०६ के. ५२० आणि ४९० मोजलेले दोन पॉट बसवले, भार २५२ के झाला आणि डब्यात फेकलेला पहिलाच पिकअप मोकळा वाजू लागला. दुसऱ्या पिकअपचे पैसे गेले ते गेलेच.

ब्रिजचा, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडचा, सिंगल कॉइल आता कानाला टोचेल. त्याच्या हॉट (सिग्नलच्या) आणि ग्राउंड वायरमध्ये, स्विचच्या आधी, ४७० के चा पाव वॅटचा रेझिस्टर टाका. चहापेक्षा स्वस्त पडतो.

छापील आकड्यावर विसंबणे

साध्या पॉटमध्ये वीस टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ५०० के लिहिलेला पॉट ४०० ही असू शकतो आणि ६०० ही. म्हणून दुकानात ४७० के पुढे केला तर नाक मुरडू नका. मोजा आणि घ्या. मल्टिमीटर दोन मेगाओहमच्या रेंजवर, प्रोब बाहेरच्या दोन पायांना.

गिटारमधला पॉट मोजताना मात्र पिकअपची हॉट वायर सोडवा आणि जॅकमधली केबल काढा. तसं न करता मोजलं तर आठेक के दिसतात, तो पिकअपचा रोध असतो. त्यावरून चांगला पॉट कचऱ्यात टाकणारे कमी नाहीत.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, नुसतं ‘पाचशे के द्या’ म्हटलं तर बी लिहिलेला लिनियर हातात पडू शकतो. व्हॉल्यूमला ए, म्हणजे लॉग, मागा. लिनियर व्हॉल्यूम दहापासून तीनपर्यंत फारसा हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. छापावर भरवसा नसेल तर नॉब मधोमध ठेवून मधला पाय आणि ग्राउंडचा पाय मोजा: लिनियर सुमारे २५० के दाखवेल, लॉग ५० ते ७५ च्या आसपास.

पॉटची पाठ भाजणे

ग्राउंड वायर पॉटच्या पाठीवर जोडायची असते आणि ते पत्र्याचं झाकण उष्णता पिऊन टाकतं. पंचवीस वॅटचं टोकदार आयर्न वीस-वीस सेकंद टेकवून बसलं की आतला कार्बनचा पट्टा होरपळतो आणि नवाकोरा पॉट खरखरतो. चाळीस ते साठ वॅट, चपटी टिप, ६०/४० सोल्डर घ्या. पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, तिच्यावर सोल्डरचा थेंब पसरवा, वायरलाही वेगळं सोल्डर लावा, मग दोन्ही तीन-चार सेकंदांत जोडा. जोड चकचकीत आणि चपटा हवा. मातकट गोळी दिसली की ती नखाने उपटून निघणार, मग पुन्हा करा. घाई असेल तर त्या दिवशी हातच लावू नये.

बाकीच्या किरकोळ

पिकअपच्या वायरचे रंग कंपनीगणिक बदलतात. सेमूर डंकनची काळी हॉट, डिमार्झिओची लाल. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की हंबकरच्या दोन कॉइल एकमेकींना खातात आणि आवाज बारीक, नाकातला येतो.

व्हॉल्यूम उलटा चालतोय? बाहेरचे दोन पाय अदलाबदल झालेत.

मोठ्या पॉटची मान साडेनऊ मिलीमीटरची, छोट्यांची सात किंवा आठ. गिटारवरचं भोक हाताच्या रीमरने (भोक रुंदावायच्या हत्याराने) वाढवा. ड्रिल मारलं की रंगाचे टवके उडतात.

पॉटच्या चोवीस दात्यांच्या दांड्यावर अठरा दात्यांचा नॉब ठोकू नका, फुटतो.

ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप काढून साधे बसवताना २५ के चे पॉट तसेच ठेवले, तर वर सांगितलेल्या बसक्या आवाजाची दहापट आवृत्ती ऐकायला मिळेल.