सोसायटीच्या गणपतीत इटलीवर क्विझ घ्यायचीय? मग असं करा

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, गणपती पाच दिवसांचा, तिसऱ्या दिवशी आरतीनंतर क्विझ, आणि ती गेली काही वर्षं माझ्याच गळ्यात आहे. मागच्या वर्षी मी इटलीतल्या मोठ्या माणसांवर एक राउंड घेतला आणि तो सपशेल आपटला, कारण मी जन्मसाल नि जन्मगाव विचारत बसलो, अर्धी जनता प्रसादाच्या लाइनीत जाऊन उभी राहिली, आणि मोनालिसा कुणी काढली हे पोरांनी प्रश्न संपायच्या आधीच ओरडून सांगितलं. यंदा पद्धत बदलली, जमलं, म्हणून लिहितोय.

माणसापासून सुरुवात करायचीच नाही, गेटबाहेर दिसते त्या वस्तूपासून करायची. आमचा पहिला प्रश्न रिक्षावर. हेलिकॉप्टर बनवणारा एक इंजिनिअर, त्याला मोटरसायकल अजिबात आवडायची नाही, म्हणून १९४६ मध्ये त्याने एकदम वेगळी स्कूटर काढली, दोनेक वर्षांत त्याच कंपनीने त्यावरूनच तीनचाकी आणली आणि आपल्या रिक्षाचं मूळ तिथे आहे. उत्तर कोराडिनो दास्कानियो. हे नाव कोणाला येणार नाही हे धरूनच चाला, 'वेस्पावाला' म्हटलं तरी अर्धे मार्क द्या.

दुसरं म्हणजे हिंट दोन टप्प्यांत द्या, पहिल्यावर १० मार्क, दुसरीवर ५. उदा. पहिली हिंट, या माणसाने धातूच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे, साल १८००. दुसरी हिंट, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १२ च्या पुढे याचंच नाव असतं. व्होल्टा! दुसऱ्या हिंटला चार टेबलं एकदम उठली.

आता भांडणाचे प्रश्न. 'रेडिओचा शोध कुणी लावला' असं चुकूनही विचारू नका, मी विचारलं होतं, मार्कोनी म्हटल्यावर एक काका जगदीशचंद्र बोसांवर वीस मिनिटं बोलले आणि खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्यात दम होता. त्यापेक्षा '१९०९ चं फिजिक्सचं नोबेल ब्राउनबरोबर कुणाला मिळालं' विचारा, त्यावर वादच नाही. आणि राजकारणातलं एक नाव सगळ्यांच्या डोक्यात येतंच, ते घेऊ नका, मंडपात निवडणूक नको.

सगळ्यात भारी चालला तो मॉन्टेसरीबाईंचा प्रश्न. मारिया मॉन्टेसरी मुळात डॉक्टर, १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मुलांसाठी घर उघडलं, १९३९ ला मद्रासला शिकवायला आल्या, नंतर इटली युद्धात उतरली आणि बाई इंग्रजांच्या लेखी शत्रूदेशाच्या झाल्या, १९४६ पर्यंत इथेच. मी एवढंच वाचलं तर बी विंगमधल्या एका आजींनी बझर न दाबताच उत्तर दिलं आणि वर ताराबाई मोडकांचं सांगायला लागल्या, मॉन्टेसरीची पद्धत आपल्या मातीत उतरवून १९४५ ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यातच होती ना. असं कोणी बोलत असेल तर थांबवू नका, टायमर बंद करा.

फुटबॉलचा एखादा टाका (पाओलो रॉसी, १९८२ चा वर्ल्डकप, सहा गोल), पोरं खूश होतात. पिक्चरवाल्यांसाठी सोफिया लॉरेन पुरे.

टायब्रेकर मात्र जपून ठेवायचा. 'कुठल्या इटालियन माणसाने ठाण्याबद्दल लिहून ठेवलंय?' मार्को पोलो, व्हेनिसचा व्यापारी. तेराव्या शतकातल्या ठाण्याला तो मोठं राज्य म्हणतो, इथल्या चामड्याच्या व्यापाराचं लिहितो आणि वर असंही की इथला राजा चाच्यांना सामील होता, लुटीतले घोडे तेवढे राजाचे, बाकी माल त्यांचा. हे वाचल्यावर मेंटेनन्सवरून जो हशा पिकला, सेक्रेटरींनी माईकच काढून घेतला.