‘दादरला पोहोचलेच’ आणि चौथं शील

लहानपणी दर रविवारी विक्रोळीच्या आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही पोरं बुद्धवंदना म्हणायचो ती शर्यत लावल्यासारखी. त्रिसरण (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं) आणि पंचशील (वागण्याचे पाच नियम) तोंडपाठ. पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, मोठी माणसं बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायची, आमचं लक्ष खिरीच्या पातेल्याकडे. चौथं शील ‘मुसावादा वेरमणी’, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहीन, एवढा अर्थ माहीत होता. तो आपल्याला लागू आहे हे कळायला मात्र वयाची एकतीस वर्षं आणि इगतपुरीच्या विपश्यना शिबिराचे दहा दिवस लागले.

ध्यान सुरू करायचंय, कुठून करू, असं वस्तीतली आणि ऑफिसातली मुलं विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी रजेचं बघा. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणजे बारा दिवस धरा. मी दहाच दिवसांची रजा टाकली होती, मग साहेबांकडे दोन दिवसांसाठी पुन्हा जावं लागलं. अर्ज ऑनलाइन भरायचा, जागा लवकर भरतात. फी नाही, शिबिर पूर्ण झाल्यावर वाटलं तर दान. मानसिक आजार असेल, गोळ्या चालू असतील तर फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. ध्यान हे औषधाच्या जागी घ्यायची गोष्ट नाही.

तिथे पहाटे चारला घंटा. फोन, वही, पुस्तक, बोलणं सगळं बंद. दुपारच्या आत जेवण, संध्याकाळी नव्यांना चहा, फळ आणि थोडे चुरमुरे. पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता जाणायचा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघायच्या. दुखलं तर दुखतंय, बरं वाटलं तर बरं वाटतंय. सांगायला सोपं आहे. पाचव्या दिवशी तासभर न हलता बसताना माझ्या उजव्या गुडघ्याने सांगितलेलं इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मला गुडघ्याने छळलं नाही, एका आवाजाने छळलं. तेव्हा मी एका फायनान्स कंपनीच्या वसुलीत होते, लोअर परळला. दिवसभर हेडसेट लावून थकलेल्या हप्त्यांसाठी फोन. ‘उद्या बारापर्यंत भरा, नाहीतर घरी माणसं येतील.’ कोणी जाणार नसायचं. आमच्या कागदावर तसं लिहून दिलेलं होतं, मी वाचून दाखवायचे. तिसऱ्या दिवशी श्वास सोडून मला एका रिक्षावाल्याचा आवाज ऐकू यायला लागला: ‘मॅडम, पोरगी ॲडमिट आहे.’ मी त्याला काय उत्तर दिलं होतं ते आठवत होतं. शब्दन् शब्द.

शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी पंचशील घ्यायला लावतात, ते रीत म्हणून नाही. दिवसभर जे बोललो तेच डोळे मिटल्यावर समोर येतं. नवखे लोक मांडी, उशी, पाठ यावर फार चर्चा करतात. माझं मत विचाराल तर खुर्चीवर बसा, पण आधी आठवडाभर चौथं शील पाळून बघा. गाडी कुर्ल्यातच उभी असताना फोनवर ‘दादरला पोहोचलेच’ म्हणायचं नाही. बघा जमतंय का. मला दिवसात किती वेळा अडखळायला झालं ते मोजायचंच सोडून दिलं.

आमच्याकडे काहींना विपश्यना म्हणजे डोळे मिटून प्रश्नांकडे पाठ फिरवणं वाटतं. बाबासाहेबांनी धम्म दिला तो माणसामाणसांतलं नातं सुधारायला, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच ही विपश्यना शिकवणारे सयाजी (गुरुजी) ऊ बा खिन मला जवळचे वाटतात. ते बर्माचे अकाउंटंट जनरल होते आणि कार्यालयातल्या माणसांना ध्यान शिकवायचे. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईतच झालं, आणि इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र 1976 पासून आहे. म्हणजे ही साधना आपल्यापर्यंत आली तीच मुळात फायली सांभाळणाऱ्याच्या हातून.

शिबिरानंतर कामावर गेले तेव्हा एक गोष्ट दिसली. समोरचा शिवी देतो, हेडसेटखालचा डावा कान तापतो, आणि मग माझा आवाज चढतो. कान आधी, आवाज नंतर. पालीत हा क्रम फस्स (स्पर्श), वेदना (संवेदना), तण्हा (तृष्णा) असा सांगितलाय. मला तो कानात सापडला. कान तापला की एक श्वास नाकाशी जाणायचा आणि मग बोलायचं. प्रत्येक वेळी जमत नाही. कागदावरची धमकी मात्र वाचवेना. आठ महिन्यांनी कागदपत्रांच्या विभागात बदली मागून घेतली. इन्सेन्टिव्ह गेला. आई आठवडाभर बोलली नाही, आणि तिचंही चुकलं नव्हतं. घराचा हप्ता आम्हालाही होताच.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, असं शिबिरात सांगतात. मी बसले. नऊ दिवस. दहाव्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये उभ्या उभ्या झोपले. मग सोणाची गोष्ट आठवली. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करणारा हा भिक्खू आधी वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्यावर वीणा वाजत होती का? आणि फार सैल सोडल्यावर? मी वेळ वीस मिनिटांवर आणली. ती गेली चार वर्षं टिकली आहे.

बारा दिवस एकदम जमत नसतील तर एखाद्या रविवारी बोरिवलीहून गोराई खाडी ओलांडून ग्लोबल विपश्यना पॅगोडाला जा. खांबाविना उभा असलेला तो दगडी घुमट बघा; नव्यांना तिथे थोडा वेळ आनापान शिकवतात. सुरुवातीला तेवढं पुष्कळ.

माझी वेळ पहाटे पाच दहाची. गजर लावत नाही संपवायला. साडेपाचला नळाला पाणी येतं, आधी पाइपमधून हवेचा फुसफुस आवाज येतो. तो ऐकू आला की उठते आणि पिंप लावते.