आईसाठी शेजारची सीट

आईचा गुडघा नीट वाकत नाही, आणि मुंबई ते लंडन नऊ-दहा तास एका जागी! बिझनेस क्लास परवडणारा नव्हता. गोव्यातल्या पेडण्याहून विमान कंपनीलाच थेट फोन लावला, इकॉनॉमीतच आईच्या शेजारची सीटही तिच्यासाठीच घेतली. बऱ्याच कंपन्यांत अशा तिकिटावर आडनावापुढे ‘ईएक्सएसटी’ (म्हणजे एक्स्ट्रा सीट) लिहितात. अगदी पुढची रांग टाळा. तिथे ट्रे आर्मरेस्टमध्येच असतो, त्यामुळे आर्मरेस्ट वर होत नाही. निघताना गोव्याच्या मोपा विमानतळावर काउंटरवर दोन्ही बोर्डिंग पास कागदीच मागून घेतले. गेटवर दोन्ही स्कॅन करून घ्याच, नाहीतर सीट रिकामी समजून दुसऱ्याला जाऊ शकते. आईने उशी घेऊन पाय आडवा ठेवला, छान झोपली. टेकऑफ-लँडिंगला मात्र सरळ बसावं लागतं.