दसऱ्याचं तोरण संध्याकाळपर्यंत टिकत नाही? या चुका टाळा

सकाळी हौसेनं लावलेलं तोरण, आणि संध्याकाळी माणसं सोनं द्यायला येईपर्यंत त्यातल्या झेंडूनं मान टाकलेली. फार वाईट वाटतं. दोष आपण उन्हाला देतो, पण घोळ बहुतेक वेळा आदल्या रात्रीच झालेला असतो.

एका वर्षी मी खंडेनवमीच्या संध्याकाळी दोन किलो झेंडू आणला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून तसाच ओट्यावर ठेवला. पहाटे पिशवीत हात घातला तर आत चक्क ऊब होती आणि आंबूस वास येत होता. फुलं वरून केशरी, टवटवीत. पाकळ्या बाजूला केल्या तर तळाशी काळपट, चिकट. निम्मी फुलं टाकावी लागली.

खुडलेलं फूलही श्वास घेत असतं, त्यातून उष्णता निघते. त्यात विक्रेत्यानं शिंपडलेलं पाणी, कधी परतीच्या पावसाचं पाणी, आणि वर बंद पिशवी. फूल आतून कुजायला एवढं पुरतं. म्हणून घरी आल्याबरोबर फुलं जुन्या सुती साडीवर एका थरात पसरा, तासभर पंखा लावा, मग टोपलीत मोकळी ठेवा. आणि तोरण लावल्यावर ताजं राहावं म्हणून वरून पाणी मारू नका. ओवलेलं फूल ते पाणी पीत नाही, नुसत्या पाकळ्या भिजतात आणि लवकर काळ्या पडतात.

विकत घेतानाच फूल उलटं करून खालचं हिरवं बोंड दाबून बघा. घट्ट असेल तर घ्या. पिवळट, मऊ लागलं तर पाकळ्या कितीही छान दिसोत, सोडून द्या.

ओवतानाची मोठी चूक म्हणजे सुई नुसत्या पाकळ्यांतून घालणं. माझी आई लगेच हात धरायची, "अगं, बोंडातून घाल, नाहीतर फूल सुटेल." तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. झेंडू हे एकच फूल दिसत असलं तरी ती कितीतरी बारीक फुलं असतात, एका हिरव्या वाटीत दाटीनं बसलेली. वाटीला दोरा लागला नाही की ती एकेक करून गळतात. देठ उपटूही नका, वाटीचा तळ सैल होतो. कात्रीनं बोंडालगत कापा आणि सुई देठाच्या जागेतून सरळ वर काढा.

दोरा गोधडीचा, जाड सुती, दुहेरी घ्या. नायलॉनचा दोरा बोंड कापतो आणि त्याची गाठही सरकते.

आंब्याची कोवळी तांबूस पानं दिसायला गोड, पण काही तासांतच लुळी पडतात. गडद हिरवी, जून पानं निवडा, धुऊन कोरडी पुसा. देठाकडचा इंचभर भाग मागे दुमडून दोन्ही पदरांतून सुई घाला, चकचकीत बाजू पुढे ठेवा. स्टेपलर मला अजिबात पटत नाही. पान सुकून आकसलं की पिनेपाशी फाटतं.

मापात बहुतेकांचा अंदाज चुकतो. दार ३ फुटांचं आणि मधे ६ इंच झोळ हवा असेल, तर ओवलेला भाग दारापेक्षा साधारण ३ इंचच जास्त लागतो. आपण चांगला फूटभर वाढवतो आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला तोरण लागतं. बांधायला मात्र दोन्ही टोकांना फूटफूटभर मोकळा दोरा ठेवा. तोरण जड झालं असेल तर मधे एक खिळा देऊन दोन झोळ करा.

भाताच्या लोंब्या सुईनं ओवू नका, दाणे गळतात. जुडी बांधून ती दोन्ही कोपऱ्यांना सगळ्यात शेवटी अडकवा. चिमण्या आल्या तर येऊ द्या, दाणे त्यांचेच आहेत.

उतरवल्यावर दोरा काढून घ्या आणि वाळलेली बोंडं उकलून बघा. काळ्या, काडीसारख्या बारीक बिया मिळाल्या तर कुंडीत पेरा. झेंडू संकरित असेल तर फूल हुबेहूब तसंच येईल असं नाही.