सिली बेटांवरचा दिवस कसा आखावा: आधी ओहोटी, मग वारा

सिली बेटांवर जायचं ठरलं की लोक आधी तापमान बघतात. त्यातून फारसं काही हाती लागत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून, म्हणजे लँड्स एंडपासून, सुमारे 45 किलोमीटरवर अटलांटिकमध्ये विखुरलेली ही ग्रॅनाइटची बेटं. जानेवारीची सरासरी 8 अंशांच्या आसपास, ऑगस्टची 17 च्या. उत्तर अक्षांश जवळजवळ 50, म्हणजे न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्याही उत्तरेला, तरी इथे बर्फ क्वचितच पडतं; चहूबाजूंचं पाणी हवेला फार थंड होऊ देत नाही. इथे तुमचा दिवस घडवतात किंवा बिघडवतात ते भरती-ओहोटी आणि वारा. आखणीही त्याच क्रमाने करावी.

सेंट मेरीज या सर्वांत मोठ्या बेटाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक घ्या आणि त्यातल्या वेळा कोणत्या घड्याळाच्या आहेत ते सगळ्यात आधी पाहा. ग्रिनिच वेळ छापलेली असेल तर मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत एक तास मिळवावा लागतो. तो विसरला की पुढचं सगळं गणित तासाभराने चुकतं. मग उंचीचे आकडे पाहा. उधाणाला भरती साधारण 5.7 मीटर आणि ओहोटी 0.7 मीटर, म्हणजे पाणी पाच मीटर वर-खाली होतं. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, हेच आकडे 4.3 आणि 2.0. उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठं असतं, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. इथली खास गोष्ट अशी, की उधाणाच्या दिवसांत उन्हाळी घड्याळाप्रमाणे ओहोटी दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास येते. वाळूचे पट्टे आणि खडकांतली डबकी पाहायची असतील तर हेच दिवस धरा.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब असा: एकूण चढाचे बारा भाग करा, सहा तासांत ते अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 असे चढतात. पाच मीटरच्या उधाणात तिसऱ्या आणि चौथ्या तासाला प्रत्येकी सव्वा मीटर! सेंट ॲग्नेस आणि ग्यू या बेटांना जोडणारी वाळूची पट्टी ओलांडताना हा हिशेब डोक्यात हवा. भरतीला ती पट्टी पाण्याखाली जाते. ग्यूवर ओहोटीच्या आधीच पोहोचा आणि उधाण असेल तर ओहोटीनंतर दोन तासांच्या आत परत या. पट्टी बुडालेली असताना चालत किंवा पोहत जाण्याचा विचारही करू नका. दोन्हीकडचं पाणी तिच्यावरून जोरात वाहतं. सेंट मेरीजवरच्या पेलिस्ट्री बेमध्येही, टोल्स आयलंडकडे जाणाऱ्या वाळूवर, हाच धोका आहे.

बेटांमधलं पाणी इतकं उथळ का, याचं उत्तर भूगोलातच आहे. हिमयुगानंतर समुद्र चढत गेला आणि एका मोठ्या बेटाचे तुकडे झाले. सॅमसन बेटालगतच्या उथळ वाळूत खोल ओहोटीला जुन्या शेतांचे दगडी बांध आजही उघडे पडतात. प्रवाशाला याचा रोजचा परिणाम म्हणजे होड्यांचा धक्का बदलतो. ट्रेस्को बेटावर पाणी कमी असलं की न्यू ग्रिम्सबीऐवजी दक्षिण टोकाच्या कार्न निअरला उतरवतात. सकाळी जिथे उतरलात तिथूनच परतीची होडी सुटेल असं धरून चालू नका. उतरतानाच नावाड्याला धक्का आणि वेळ दोन्ही विचारून घ्या. सेंट मेरीजच्या धक्क्यावर रोज सकाळी फळ्यावर होड्यांच्या वेळा लिहितात. आदल्या दिवशीच्या माहितीवर विसंबू नका.

आता वारा. तो बहुतेक वेळा पश्चिम किंवा नैर्ऋत्येकडून येतो आणि बेटांवरचा सर्वांत उंच भाग जेमतेम पन्नास मीटरचा, त्यामुळे अडवायला डोंगर नाही. पश्चिमेचा वारा असेल तर ट्रेस्कोचा पेंटल बे किंवा पेलिस्ट्री गाठा. दक्षिणेचा असेल तर सेंट मार्टिन्स बेटाच्या उत्तरेचा ग्रेट बे. सेंट मेरीजवरचं ह्यू टाउन गाव तर जमिनीच्या अरुंद मानेवर वसलं आहे: दक्षिणेला पोर्थक्रेसा, उत्तरेला टाउन बीच, चालत पाच मिनिटं. एकीकडे डोळ्यांत वाळू जात असेल तर दुसरीकडे जा. ब्रायर बेटाचा हेल बे मात्र वादळी दिवशी लांबूनच पाहावा. तिथे लाटा थेट अटलांटिकच्या येतात. छत्री घरी ठेवा, वारा न शिरणारं टोपीचं जाकीट घ्या. वारा गार लागतो म्हणून ऊन कळत नाही, आणि त्वचा भाजते.

खारा वारा पानं जाळतो, म्हणूनच इथली शेतं लहान आणि पिटोस्पोरम या सदाहरित झुडपाच्या उंच कुंपणांनी वेढलेली असतात. त्यांच्या आडोशाला सुगंधी नार्सिससची फुलं ऐन हिवाळ्यात तोडणीला येतात. नार्सिससच्या कंदांवर धूर दिला की फुलं लवकर येतात, ही इथल्या शेतकऱ्यांची युक्ती. धुरातला इथिलीन वायू ते काम करतो. फुलं पाहायची तर जानेवारी-फेब्रुवारी निवडा, पण त्या काळात प्रवासी बोट बंद असते. विमान किंवा हेलिकॉप्टरच. ट्रेस्कोच्या ॲबी गार्डनमध्ये दक्षिण गोलार्धातली झाडं उघड्यावर वाढतात, पण जानेवारी 1987 च्या कडाक्यात त्यांतली बरीच मेली. सौम्य हवामानाचीही हमी नसते.

पोहायचं असेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर उत्तम. समुद्र हळूहळू तापतो. मेमध्ये ऊन छान असलं तरी पाणी 12 अंशांच्या आसपासच असतं. याच थंड पाण्यावरून उबदार, दमट हवा आली की मे-जूनमध्ये दाट धुकं बसतं आणि विमानं थांबतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पेन्झान्सची बोट धुक्यातही सहसा निघते, अडीच-पावणेतीन तास घेते, पण तिचा तळ उथळ असल्याने मोठ्या लाटांत खूप डोलते. बोट लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नाही. लंडनहून पुढे मुंबईचं विमान असेल तर बेटं सोडण्याचा दिवस आणि त्या उड्डाणाचा दिवस यांत किमान एक रात्र मोकळी ठेवा, मे-जूनमध्ये दोन.