कॉर्नवॉलच्या समुद्रात सर्फिंग: अंगावर काय घालायचं?

मालवण-गोव्याकडे समुद्राचं पाणी वर्षभर साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअस असतं. तिथे लांब बाह्यांचा लायक्रा रॅश व्हेस्ट आणि शॉर्ट्स पुरतात. जपायचं ते उन्हापासून आणि छातीवर बोर्ड घासण्यापासून. त्याच अंदाजाने इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, पाण्यात उतरलात तर पहिल्याच लाटेला श्वास अडकतो. पंधरा अंशांखालच्या पाण्यात पहिली एक-दोन मिनिटं शरीर आपोआप धापा टाकतं, आणि तेवढ्यात तोंडात पाणी जाऊ शकतं.

कपडे ठरवताना हवा बघू नका, पाण्याचं तापमान बघा. समुद्र तापायला आणि निवायलाही वेळ घेतो, म्हणून पाणी सर्वांत गार असतं ते फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये, नऊ-दहा अंश. फसवतो तो मे महिना. बाहेर लख्ख ऊन, हवा १८ अंश, आणि पाणी जेमतेम १२. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते १६ ते १८ पर्यंत चढतं आणि ऑक्टोबरमध्येही १५च्या आसपास टिकतं. पहिल्यांदाच शिकणार असाल तर मेपेक्षा सप्टेंबर कधीही बरा.

थंड पाण्यात घालतात तो वेटसूट, म्हणजे निओप्रीन या फेसाळ रबराचा अंगाला घट्ट बसणारा सूट. त्यावर ४/३ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धडाच्या कापडाची जाडी मिलिमीटरमध्ये, दुसरा हातापायांची. ५/४/३ असेल तर धड, पाय, हात या क्रमाने. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ३/२ चालतो. मे आणि नोव्हेंबरला ४/३, सोबत ३ मिमीचे बूट. डिसेंबर ते एप्रिल ५/४/३, ५ मिमीचे बूट, हातमोजे आणि टोपी. अंगाने बारीक असाल, किंवा लाटेची वाट बघत बराच वेळ बोर्डवर बसून राहणार असाल, तर एक पायरी जाड घ्या. एकच सूट घ्यायचा असेल तर ४/३ घ्या. ऑगस्टमध्ये थोडं उकडेल, एवढंच.

आत शिरलेलं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि तेच ऊब धरतं, असं सर्रास सांगितलं जातं. खरं काम करतात ते निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे. पाणी जितकं कमी शिरेल तितकं चांगलं. त्यामुळे ढगळ ५/४/३ पेक्षा अंगाला चिकटून बसणारा ४/३ जास्त उबदार ठरतो. दुकानात सूट घालून उकिडवे बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या. कमरेमागच्या खळग्यात, बगलेत किंवा मानेपाशी फट राहिली तर प्रत्येक डुबकीला तिथून गार पाणी आत येणार. कोरडा सूट जरा आवळतोच, पाण्यात तो सैलावतो. पण खांदा फिरवताना ओढ बसत असेल तर माप लहान आहे. शिवणही तपासा. फ्लॅटलॉक शिवणीत सुई कापडाच्या आरपार जाते, त्या भोकांतून पाणी झिरपतं. ती उन्हाळी सूटलाच ठीक. ४/३ पासून पुढे कडा आधी चिकटवून मग अर्ध्या जाडीपर्यंतच टाके घातलेली, म्हणजे ग्लूड आणि ब्लाइंडस्टिच्ड शिवण हवी.

घालताना पायात प्लास्टिकची पिशवी चढवा, टाच अडकत नाही. कापड नखांनी ओढू नका, चंद्रकोरीसारखी चीर पडते. बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर सरकवा. गुडघे आणि जांघ नीट बसल्याशिवाय हात घालू नका, नाहीतर खांद्याला कापड कमी पडतं. बूट सूटच्या पायाच्या आत जायला हवेत. बाहेर राहिले तर पाण्याने भरतात आणि प्रत्येक पाय दगडासारखा जड होतो. हातमोजे सर्वांत शेवटी, तेही बाहीच्या आत.

पाण्यात असताना अधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकत नसेल तर लगेच बाहेर या. मतलई वारा सुटला असेल तर त्याही आधी, कारण किनाऱ्याकडे परतताना त्याच वाऱ्याविरुद्ध हात मारायचे असतात. बाहेर आल्यावर आधी धड कोरडं करून लोकरीची टोपी घाला, मग पाय. बधिर बोटांनी गाठी सुटत नाहीत, म्हणून कपडे सैल आणि बिनबटणांचे ठेवा.

थंड पाणी आणि वारा वर्षानुवर्षं कानात जात राहिला तर कर्णनलिकेतलं हाड वाढतं आणि कान बंद होत जातो. नियमित जाणाऱ्यांनी इअरप्लग पहिल्या हिवाळ्यापासूनच वापरावेत.

घरी आल्यावर सूट गोड्या पाण्यात बुचकळा. गरम पाणी नको, वॉशिंग मशीन नको. सावलीत, कमरेत दुमडून जाड दांडीवर टाका. हँगरला खांद्यांवर टांगला तर ओल्या सूटचं सगळं वजन खांद्यांवर येतं आणि निओप्रीन तिथेच आधी पातळ होतं.